शंभर टक्के कव्हरेज नावाची थाप

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीची मीटिंग झाली. विषय एकच, सीसीटीव्ही. मागच्या भिंतीकडून दोन सायकली आणि एका स्कूटरची बॅटरी चोरीला गेली, तेव्हापासून सगळे पेटलेले आहेत. कॅमेरे विकणारा माणूस लॅपटॉप घेऊन आला होता. त्याने इमारतीच्या नकाशावर लाल ठिपके दाखवले, प्रत्येक ठिपक्यातून एक पिवळा पंखा उलगडला आणि म्हणाला, "सर, ३२ कॅमेरे. हंड्रेड पर्सेंट कव्हरेज." सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी हात वर केला. "याच पैशात यापेक्षा चांगलं किती होऊ शकतं?"

तो हसला. "सर, हंड्रेडच्या वर काय असतं?"

"तसं नाही. ३२च का? २० लावले तर किती दिसेल? आणि २० कॅमेऱ्यांची जी सगळ्यात चांगली मांडणी शक्य आहे, तिच्यापासून तुमची मांडणी किती लांब आहे?"

शांतता. मग सेक्रेटरी काका म्हणाले, "अरे बाबा, तू कॉम्प्युटरवाला आहेस ते ठीक आहे. पण इथे सिक्युरिटीचा प्रश्न आहे."

म्हणजे सिक्युरिटी आली की हिशोब संपला! (शंभर टक्के कशाचे, हेही कोणी विचारलं नाही. त्या नकाशात पार्क केलेल्या गाड्या नव्हत्या, कोपऱ्यातलं आंब्याचं झाड नव्हतं आणि रात्रही नव्हती.)

तर मंडळी, आजचा लेख काकांच्या त्या वाक्याबद्दल आहे. कारण तेच वाक्य मी वेगवेगळ्या शब्दांत सगळीकडे ऐकतो. सोसायटीत, ऑफिसात, बातम्यांत, समुद्रकिनाऱ्याच्या सुरक्षेबद्दलच्या चर्चांमध्ये. माझं म्हणणं सरळ आहे. पहाऱ्यासाठी सेन्सर लावताना, मग ते पार्किंगमधले कॅमेरे असोत की किनाऱ्यावरची रडार केंद्रं, "किती टक्के कव्हरेज" हा प्रश्न अपुरा आहे. खरा प्रश्न असा: या खर्चात जे सर्वोत्तम शक्य आहे, त्यापासून आपण जास्तीत जास्त किती लांब आहोत? याचं उत्तर काढायचं गणित १९७०च्या दशकापासून तयार आहे. ते वापरलं जात नाही, कारण प्रश्नच कोणी विचारत नाही. आणि प्रश्न विचारला नाही की विकणाऱ्याला उत्तर द्यावं लागत नाही. मोठी सोय आहे ही.

अडचण कुठे आहे?

समजा कॅमेरा लावण्याजोग्या १०० जागा आहेत आणि पैसे २० कॅमेऱ्यांपुरते. कुठल्या २० निवडायच्या? सगळे पर्याय तपासायचे म्हटलं तर ते होतात साधारण ५३६ वर अठरा शून्यं... नेमकं सांगायचं तर ५.३६ गुणिले १० चा विसावा घात. सेकंदाला शंभर कोटी पर्याय तपासणारं मशीन आणलं तरी सुमारे १७,००० वर्षं लागतील. तोवर सायकली काय, सोसायटीही राहायची नाही.

आता कोणी म्हणेल, सगळे पर्याय कशाला तपासायचे, काहीतरी हुशार युक्ती असेलच. रिचर्ड कार्पने १९७२ मध्ये अवघड प्रश्नांची जी प्रसिद्ध २१ची यादी दिली, तिच्यात आपला हा प्रश्न 'सेट कव्हर' या नावाने बसलेला आहे. म्हणजे हा एनपी-हार्ड. प्रत्येक वेळी झटपट आणि बिनचूक उत्तर देणारी युक्ती आजवर कोणाला सापडलेली नाही आणि सापडेल असं बहुतेकांना वाटतही नाही.

इथे दोन प्रकारचे लोक भेटतात. पहिला म्हणतो, "बिनचूक उत्तर मिळत नाही ना, मग अनुभवाने लावू." म्हणजे गेटवर चार, लिफ्टपाशी दोन, चेअरमनच्या दारासमोर एक. दुसरा म्हणतो, "आधी पूर्ण अभ्यास होऊ दे, एकदम परफेक्ट डिझाइन करू." आणि अभ्यास चालू राहतो. पहिल्याला आपण व्यवहारी म्हणतो, दुसऱ्याला हुशार. माझ्या मते दोघंही एकच काम टाळतात. आपलं उत्तर किती वाईट असू शकतं, हे आकड्यात सांगायचं काम.

अप्रॉक्सिमेशन अल्गोरिदम नेमकं तेच करतो. आणि इथे मला आमच्या क्षेत्रातल्या लोकांवरही राग काढायचा आहे. आमच्या ऑफिसात 'अप्रॉक्सिमेट' म्हटलं की लोक नाक मुरडतात. "म्हणजे जुगाडच ना?" नाही हो! जुगाडाला हमी नसते. लागला तर लागला. अप्रॉक्सिमेशन अल्गोरिदमच्या मागे सिद्धता असते की इनपुट कितीही वाकडं असलं तरी उत्तर अमुक इतक्यापेक्षा वाईट येणार नाही. उलट त्या विक्रेत्याच्या 'हंड्रेड पर्सेंट'मागे काहीच नाही. मग जुगाड कोणता?

हावरट पण प्रामाणिक

पद्धत इतकी साधी आहे की सांगायला लाज वाटते. पहिला कॅमेरा तिथे लावा जिथून सगळ्यात जास्त दिसतं. दुसरा तिथे, जिथून पहिल्याला *न दिसणारं* सगळ्यात जास्त दिसतं. तिसरा तिथे, जिथून पहिल्या दोघांना न दिसणारं सगळ्यात जास्त दिसतं. पैसे संपेपर्यंत हेच. इंग्रजीत याला ग्रीडी म्हणतात, मी हावरट म्हणतो. वरच्या उदाहरणात जेमतेम १,८१० वेळा हिशोब करावा लागतो. १७,००० वर्षांच्या जागी डोळ्याची पापणी लवायच्या आत काम खलास.

हे चालतं का? चालतं, कारण पाहण्याच्या कामात एक गुणधर्म असतो. आधीच जितके जास्त कॅमेरे लावलेले, तितका पुढच्या कॅमेऱ्याचा फायदा कमी. पहिली पुरणपोळी आणि सहावी पुरणपोळी यांत जो फरक, तोच. गणितात याला सबमॉड्युलर म्हणतात. हा गुणधर्म असला की हिशोब असा: समजा १० कॅमेरे लावायचे आहेत. सर्वोत्तम मांडणीपासून आत्ता जे काही अंतर आहे, त्याचा किमान दहावा हिस्सा हावरट पद्धतीचं प्रत्येक पाऊल भरून काढतं. म्हणजे दर पावलाला अंतर जास्तीत जास्त ०.९ पट उरतं. दहा पावलांनी ०.९ चा दहावा घात, म्हणजे साधारण ०.३५. थोडक्यात सर्वोत्तमाच्या किमान ६५ टक्के हातात. कॅमेरे कितीही वाढवा, ही हमी ६३ टक्क्यांच्या खाली जात नाही. नेमहाउसर, वुल्सी आणि फिशर या तिघांनी हे १९७८ मध्ये सिद्ध केलं. पुढे १९९८ मध्ये उरिएल फायगेने दाखवलं की पी आणि एनपी एकच निघाले नाहीत, तर झटपट चालणारी कुठलीही पद्धत कव्हरेजच्या या प्रश्नावर यापेक्षा चांगली हमी देऊच शकत नाही.

६३ टक्के ऐकून तोंड वाकडं करू नका. हा सगळ्यात वाईट दिवसाचा आकडा आहे. प्रत्यक्षात बरंच चांगलं उत्तर येतं. किती चांगलं, तेही मोजता येतं. त्याकडे येतोच, पण त्याआधी पैशांचं बोलू, कारण गोंधळ तिथेच होतो.

स्वस्त ते महाग, महाग ते स्वस्त

सगळे कॅमेरे एका किमतीचे नसतात. मग हावरटपणा कशाचा करायचा?

समजा बजेट १ लाख. एक छोटा कॅमेरा १,००० रुपयांचा, त्यातून पार्किंगच्या २ जागा दिसतात. एक मोठा, १ लाखाचा, त्यातून १५० दिसतात. तुम्ही म्हणालात, "हजार रुपयांना किती दिसतं ते बघू." छोटा देतो २, मोठा देतो १.५. छोटा जिंकला, घेतला. उरले ९९,०००. आता मोठा बसतच नाही! १५० च्या जागी २ वर समाधान माना. 'व्हॅल्यू फॉर मनी'चा जप करणाऱ्यांनी हे उदाहरण भिंतीवर लावावं.

आता उलटं. एक कॅमेरा १ लाखाचा, १० जागा दाखवणारा. आणि १,००० रुपयांचे शंभर कॅमेरे, प्रत्येकी वेगळ्या ९ जागा दाखवणारे. किंमत न बघता "जास्तीत जास्त दाखवणारा द्या" म्हणालात की पहिला घेतला आणि पैसे संपले. ९०० च्या जागी १०. मोठ्या ब्रँडचंच घ्यायचं म्हणणाऱ्यांनी हेही लावावं, शेजारीच.

दोन्ही पद्धती एकेकट्या कितीही वाईट हरू शकतात. पण दोन्ही चालवा आणि जे उत्तर चांगलं येईल ते घ्या, की हमी परत येते, साधारण ३१.६ टक्के. म्हणजे दोघी एकाच वेळी फार वाईट हरूच शकत नाहीत. थोडी जास्त मेहनत घेऊन, आधी तीन-तीन सेन्सरचे सगळे गट सुरुवात म्हणून धरून पाहिले, तर हमी पुन्हा ६३ वर नेता येते. (स्विरिडेन्को, २००४.) दहा-वीस ओळींचा कोड आहे हो. यासाठी कन्सल्टंट लागत नाही.

अंतर मोजायची पट्टी

आता मुख्य मुद्दा. समजा कोणीही, कुठल्याही पद्धतीने, अगदी चेअरमनसाहेबांच्या अंतःप्रेरणेने १० कॅमेरे लावले. १,००० पैकी ८०० जागा दिसतात. हे चांगलं की वाईट?

असं करा. उरलेल्या प्रत्येक रिकाम्या जागेसाठी विचारा, इथे आणखी एक कॅमेरा लावला तर नवीन किती दिसेल? त्यातले सगळ्यात मोठे दहा आकडे घ्या आणि बेरीज करा. समजा ती ८० आली. तर जगातली कुठलीही १० कॅमेऱ्यांची मांडणी ८८० च्या वर जाऊ शकत नाही. का? ती सर्वोत्तम मांडणी, जी कोणालाच माहीत नाही, ती आपल्या मांडणीवर वरून टाकली असं समजा. तिचे दहा कॅमेरे मिळून आपल्यात ८० पेक्षा जास्त भर घालू शकत नाहीत, कारण फायदा घटत जातो. म्हणून सर्वोत्तम ८८० च्या आत. आपण ८०० वर. म्हणजे किमान ९१ टक्के.

सर्वोत्तम उत्तर माहीत *नसताना* त्यापासूनचं अंतर कळलं! मला पहिल्यांदा हे समजलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो होतो. :-)

आणि ही पट्टी अल्गोरिदमला बांधलेली नाही. विक्रेत्याच्या प्लॅनला लागते, सरकारी प्लॅनला लागते, हाताने काढलेल्या प्लॅनला लागते. बेरीज ८० च्या जागी ६०० आली तर समजायचं की मांडणीत काहीतरी घोळ असू शकतो, पुन्हा बघा. (घोळ आहेच असं नव्हे. पण स्पष्टीकरण मागायला कारण मिळालं.) कॅमेऱ्यांच्या किमती वेगवेगळ्या असल्या तरी हिशोब थोडा बदलून हेच करता येतं.

हे काही कागदी खेळ नाहीत. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत शहरांच्या पाणीपुरवठ्यात कोणी विष मिसळलं तर काय, ही भीती होती. २००६ मध्ये सिनसिनाटीला यावर संशोधकांची चक्क स्पर्धा झाली. पाइपांच्या जाळ्यात मोजके सेन्सर कुठे लावायचे, म्हणजे विष लवकरात लवकर कळेल? मोठ्या जाळ्यात १२,५२७ जोड होते. कार्नेगी मेलनच्या गटाने घटत्या फायद्याचाच आधार घेतला. त्यांच्या २००७ च्या पेपरात युक्ती अशी: एखाद्या जागेचा मागच्या फेरीतला फायदा हा या फेरीतल्या फायद्याची वरची मर्यादा असतो, मग सगळ्यांचा हिशोब दर वेळी नव्याने कशाला? आळशीपणा करा! (ही आळशी कल्पना मिनूने १९७८ मध्येच मांडली होती.) त्यांचा अल्गोरिदम साध्या हावरट पद्धतीपेक्षा ७०० पट वेगवान निघाला, आणि सोबत वर सांगितलेली पट्टीही होती.

तिसऱ्या नंबरचं रडार

"पण युद्धात असं जवळपासचं चालत नाही," असं म्हणणाऱ्यांना मी ब्रिटनला नेतो. साल १९३५. २६ फेब्रुवारीला डॅव्हेंट्रीजवळ रॉबर्ट वॉटसन-वॅट आणि आर्नल्ड विल्किन्स यांनी बीबीसीच्या रेडिओलहरी विमानावरून परावर्तित होतात हे दाखवलं. त्यातून चेन होम हे रडारचं जाळं उभं राहिलं. ३६० फुटी पोलादी मनोरे, जागचे न हलणारे अँटेना, लांबलचक लहरी. त्याच काळात जर्मनांची रडार यंत्रं आखूड लहरींवर, जास्त नेटकी चालत होती. पण ब्रिटिशांचं जाळं युद्ध सुरू व्हायच्या आत उभं होतं.

वॉटसन-वॅटचा सिद्धांतच होता की सैन्याला तिसऱ्या नंबरचं यंत्र द्या, कारण दुसऱ्या नंबरचं उशिरा येतं आणि पहिल्या नंबरचं कधीच येत नाही. हे वाक्य आपल्याकडे आळशी मॅनेजर लोक स्वतःच्या बचावासाठी वापरतात, तेव्हा मला चीड येते. कारण चेन होम 'कसंतरी' नव्हतं. त्याला काय दिसत नाही हे बनवणाऱ्यांना नेमकं माहीत होतं. खालून उडणारी विमानं दिसत नाहीत? त्यासाठी दीड मीटर लहरींचं चेन होम लो आलं. मनोऱ्यांचं तोंड समुद्राकडे, विमान किनारा ओलांडून आत आलं की दिसत नाही? तिथे ऑब्झर्व्हर कॉर्प्सचे हजारो स्वयंसेवक दुर्बिणी घेऊन उभे. दुर्बिणीवाला माणूस रडारसमोर अगदी क्षुल्लक. पण रडारला न दिसणारं तो दाखवत होता, आणि स्वस्तात. हावरट पद्धतीत पुढचा सेन्सर असाच निवडला जातो.

आक्षेप

आक्षेप पहिला: "आता सॉल्व्हर आहेत, १०० जागांचं अचूक उत्तर मिळतं." खरं आहे. चांगला इंटिजर प्रोग्रॅमिंग सॉल्व्हर असे प्रश्न पुष्कळदा काही सेकंदांत सोडवतो. जरूर वापरा. पण त्याचा लॉग कधी वाचलात का? तो चालताना काय छापत असतो? गॅप! सापडलेलं उत्तर आणि वरची मर्यादा यांतलं अंतर. म्हणजे तोही तेच सांगतोय जे मी मागतोय.

आक्षेप दुसरा, आणि हा खरोखर वजनदार: "चोर मूर्ख नसतो. कॅमेरे कुठे आहेत हे बघून तो दुसरीकडून येणार." शंभर टक्के मान्य (हे शंभर टक्के खरे :-)). सरासरी कव्हरेज ९५ टक्के असलं तरी उरलेले ५ टक्के कुठे आहेत ते हल्लेखोर शोधतो. तेव्हा सरासरी सोडून सगळ्यात कमजोर वाट मजबूत करायची. इथे साधी हावरट पद्धत साफ तोंडावर पडते, आणि तेवढ्याच बजेटात कुठलीही हमी झटपट मिळत नाही हेही सिद्ध झालेलं आहे. पण क्राउझे आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं की बजेट थोडं वाढवून दिलं, तर मूळ बजेटातल्या सर्वोत्तम मांडणीइतकी मजबुती झटपट मिळवता येते. म्हणजे गणित इथेही हात वर करत नाही. "एवढे पैसे जास्त द्या, एवढी खात्री घ्या," असं सांगतं.

शिवाय इथेच 'टक्के कव्हरेज'चं पितळ उघडं पडतं. दोन सेन्सर एकच जागा पाहत असतील तर टक्केवारीच्या हिशोबात तो अपव्यय. १२ ऑगस्ट १९४० ला जर्मनांनी व्हेंटनरचं रडार केंद्र बॉम्ब टाकून बंद पाडलं. ते काही दिवस बंदच होतं. पण शेजारच्या केंद्रांची नजर एकमेकांवर चढलेली होती, त्यामुळे जाळं कोसळलं नाही. तीनच दिवसांनी गोरिंगने रडारवर हल्ले करत राहण्यात काही अर्थ आहे का, अशी शंका काढली. टक्केवारी मोजणाऱ्या कोणा ऑडिटरने आधी येऊन "हे डुप्लिकेट आहे, काढून टाका" म्हटलं असतं तर?

आक्षेप तिसरा: "घटता फायदा सगळीकडे नसतो." बरोबर. एका दिशादर्शक यंत्राने फक्त दिशा कळते. दोन असली की जागा कळते. दुसऱ्याचा फायदा पहिल्यापेक्षा जास्त! अशा वेळी वरची हमी लागू नाही, आणि तसं स्पष्ट सांगावं. सगळ्यात दुखरं उदाहरण ७ डिसेंबर १९४१ चं. हवाईतल्या ओपानाच्या रडारवर सकाळी सातच्या सुमारास जपानी विमानं दिसली होती. दोन सैनिकांनी फोनही केला. पलीकडच्या अधिकाऱ्याला वाटलं, आपलीच विमानं येणार होती, तीच असतील. पर्ल हार्बरवर पुढे काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. सेन्सर होता, जागेवर होता, चालू होता. त्यामागची खबर ऐकणारी यंत्रणा कच्ची होती. ब्रिटिशांकडे बेंटली प्रायरीला सगळ्या खबरी गाळून नकाशावर मांडणारी फिल्टर रूम होती. ऐकणाऱ्याशिवाय रडारची किंमत शून्य, हे खर्चाच्या हिशोबात आधीच धरायला हवं.

आपला किनारा

आता घरी येतो. महाराष्ट्राचा किनारा ७२० किलोमीटर, असं आपण शाळेत पाठ केलं. १९९३ मध्ये याच किनाऱ्यावर, रायगडमधल्या शेखाडीला स्फोटकं उतरली आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसं गेली. २६ नोव्हेंबर २००८ ला दहा जण समुद्रातून आले आणि १६६ माणसं गेली. म्हणजे सेन्सर कुठे लावायचा हा प्रश्न आपल्यासाठी पुस्तकातला नाही.

२००८ नंतर देशाच्या किनाऱ्यावर रडार केंद्रांची साखळी उभी राहिली. पहिल्या टप्प्यात ४६ केंद्रं: ३६ मुख्य किनाऱ्यावर, ६ लक्षद्वीपला, ४ अंदमान-निकोबारला. चांगलंच झालं. त्यांच्या जागा चुकल्या असं मी अजिबात म्हणत नाही. मी चिडतो ते आपल्यावर, कारण आपण बातमीत '४६' वाचतो आणि खूश होतो. ४६ ही खरेदीची पावती आहे.

थोडं भौतिकशास्त्र बघा. ५० मीटर उंचीवरच्या रडारला पाण्यावर मीटरभर वर असलेली होडी, पृथ्वीच्या गोलाईमुळे, जेमतेम ३३ किलोमीटरपर्यंत दिसू शकते. मनोरा दुप्पट, १०० मीटर केला तर? ४५ किलोमीटर. उंची दुप्पट, नजर फक्त एक तृतीयांशाने जास्त. तेही समुद्र शांत असताना. लाटा उसळल्या की लाकडी होडीचा ठिपका त्या गर्दीत हरवतो. जहाजांची ओळख सांगणारी एआयएस यंत्रणा २० मीटरपेक्षा लांब नौकांना सक्तीची झाली, पण हजारो छोट्या होड्या त्याखालच्या. म्हणजे पुढचा रुपया आणखी उंच मनोऱ्यावर घालायचा, की होड्यांवरच्या ट्रान्सपाँडरवर, की गस्तीच्या बोटीवर, की आणखी कशावर? याचं उत्तर प्रत्येकाची *नवीन भर* भागिले किंमत काढल्याशिवाय मिळत नाही.

आणि 'आणखी कशावर' म्हणजे काय, तेही सांगतो. २६/११च्या रात्री ते दहा जण रबरी होडीतून कुलाब्याच्या मच्छीमारनगरापाशी उतरले, तेव्हा त्यांना पहिल्यांदा पाहिलं कोणी? तिथल्या कोळी लोकांनी. त्यांनी हटकलंसुद्धा. ऑब्झर्व्हर कॉर्प्स आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेच, किनाऱ्यावर जाळी विणत बसलेली. कमी होती ती त्यांचं ऐकून घेणाऱ्या फिल्टर रूमची. कोळीवाड्यातून थेट नियंत्रण कक्षात जाणारी, कोणीतरी उचलणारी आणि गांभीर्याने घेणारी एक फोन लाइन, हिची किंमत आणि नव्या रडारची किंमत एकाच तक्त्यात लिहा. मग टेंडर काढा.

टेंडरमध्ये एक ओळ वाढवा एवढंच माझं मागणं आहे. "दिलेल्या खर्चात शक्य असलेल्या सर्वोत्तम मांडणीपासून आपली मांडणी जास्तीत जास्त किती टक्के लांब आहे, ते हिशोबासह द्यावे." जागांची नावं जाहीर करू नका, ते गुप्तच असलं पाहिजे. पण अंतराचा आकडा गुप्त ठेवायचं कारण मला तरी दिसत नाही. ९ टक्के लांब आहोत हे ऐकून शत्रूला काही कळत नाही. आपल्याला मात्र कळतं की पैसे कुठे गेले.

असो. सोसायटीचं काय झालं? मी रविवारची रात्र घालवून नकाशावर ९४ जागा टाकल्या, गाड्या आणि आंब्याचं झाडही टाकलं, आणि हावरट पद्धत चालवली. विक्रेत्याचे ३२ कॅमेरे जेवढं दाखवत होते तेवढं १९ मध्ये दिसत होतं, आणि पट्टी लावल्यावर ते १९ सर्वोत्तमाच्या किमान ९३ टक्के निघाले. मागच्या भिंतीवर मी मुद्दाम दोघांची नजर एकमेकांवर चढवली. एक एक्सेल शीट आणि एक पानाची टीप काकांना पाठवली.

काकांचा मंगळवारी फोन आला. म्हणाले, "तुझं वाचलं. समजलं थोडं. पण ३२ ला तो डिस्काउंट देतोय."

पुढची मीटिंग येत्या रविवारी आहे. मी जाणार आहे.